गोऱ्ह्याची खच्ची ते तीन महिन्यांची सुई

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

दोन वर्षांपूर्वी नागपुरातील एका दवाखान्यात डॉक्टर माझ्या आजोबांना समजावून सांगत होते. प्रोस्टेटचा, म्हणजे पौरुष ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे. तो पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते संप्रेरक बंद केले तर रोग आवरता येतो. त्यासाठी दोन वाटा आहेत: एक छोटी शस्त्रक्रिया, किंवा दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

शस्त्रक्रिया कसली, हे डॉक्टर सांगू लागले होते. त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत आजोबांनी विचारले, "म्हंजे गोऱ्ह्यावानी खच्ची करता का जी मले?"

खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या शांततेत मला लाज वाटायला हवी होती. पण मनात आले ते असे की, प्रश्न अचूक आहे. आजोबांनी हयातभर अहेरी तालुक्यात धान पिकवला आणि गोऱ्ह्याचा बैल होताना कैकदा पाहिला. ज्या निष्कर्षापर्यंत यायला वैद्यकाला दीडशे वर्षे लागली, तिथे ते एका वाक्यात पोहोचले होते. हा थ्रेड त्या प्रश्नाचा इतिहास आहे. तो वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नये.

सुरुवात लंडनच्या जॉन हंटरपासून करू. १७८६ मध्ये त्याने प्राण्यांच्या शरीररचनेविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. खच्ची केलेल्या प्राण्यांमध्ये प्रोस्टेट लहान आणि निस्तेज राहते, हे त्यांत नोंदवलेले आहे. वृषण आणि प्रोस्टेट यांच्यात काही नाते आहे एवढे त्यावरून दिसत होते; नाते कशाचे, हे सांगायला त्या काळी भाषाच नव्हती. 'संप्रेरक' ही कल्पना यायला अजून शतकाहून अधिक काळ होता.

१८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट या शल्यविशारदाने म्हाताऱ्या पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर वृषणे काढण्याचा उपाय सुचवला. काही वर्षे त्याची चलती राहिली, मग तो मागे पडला. तो साध्या वाढीवरचा उपाय होता, कर्करोगावरचा नव्हे. त्यामुळे त्याला फार जागा देत नाही.

पुढचा टप्पा १९३५ चा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने वळूच्या वृषणांतून एक शुद्ध पदार्थ वेगळा केला आणि त्याला टेस्टोस्टेरोन हे नाव दिले. आजोबांचा गोऱ्हा इथे पुन्हा भेटतो, हे लक्षात घ्यावे.

आता शिकागो. चार्ल्स हगिन्स मूळचे कॅनडातील हॅलिफॅक्सचे, मूत्ररोगांचे शल्यविशारद. ते कुत्र्यांवर प्रयोग करीत. म्हातारपणी आपोआप प्रोस्टेट वाढणारे प्राणी फार थोडे आहेत. माणूस एक, कुत्रा दुसरा. हगिन्स कुत्र्याच्या प्रोस्टेटचा स्राव मोजत. वृषणे काढली की स्राव आटे, टेस्टोस्टेरोन दिले की परत येई. ग्रंथी संप्रेरकावर चालते हे सिद्ध झाले. मग त्यांनी विचार केला की, त्या ग्रंथीतून उपजलेला कर्करोगही त्याच संप्रेरकावर चालत असेल काय?

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. कर्करोगाची पेशी शरीराचे कोणतेच नियम पाळत नाही, ती स्वयंभू असते, अशी त्या काळची दृढ समजूत होती. १९४१ मध्ये हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग हाडांत पसरलेल्या आठ रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला. अशा रुग्णांच्या रक्तात अ‍ॅसिड फॉस्फेटेज नावाचे विकर वाढलेले असते. वृषणे काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर ते उतरले. टेस्टोस्टेरोन टोचल्यावर चढले. कर्करोगाची पेशीसुद्धा कुणाच्या तरी अन्नावर जगत होती. ते अन्न तोडता येत होते.

हगिन्स यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, तब्बल पंचवीस वर्षांनी.

१९४१ हे साल आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्या काळी चांदा जिल्ह्यातील (चंद्रपूर हे नाव १९६० च्या दशकातले) एखाद्याला मुंबई गाठायची तर बल्लारशाहून वर्धा आणि वर्ध्याहून मुंबई अशी रेल्वे होती. पण बल्लारशापर्यंत यायचे कसे, हा सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या माणसाचा प्रश्न होता. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात अजूनही रेल्वे येते ती वडसा-देसाईगंजच्या कडेकडेने. दक्षिणेला सगळे रान.

संप्रेरके आणि कर्करोग या नात्यावर मुंबईतही काम झाले, ते अनेकांना ठाऊक नसते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी वि. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचा आणि विषाणूचा वाटा काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. विषय प्रोस्टेटचा नव्हता. पण कर्करोग शरीराच्या रसायनाशी बोलत असतो, हे सूत्र तेच. त्यांच्यावर स्वतंत्र थ्रेड लिहायचा आहे.

परत उपचाराकडे. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून स्टिलबेस्ट्रॉल ही गोळी होती. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक जाहीर केले. सार्वजनिक पैशावर झालेले संशोधन म्हणून त्याचे पेटंट घेतले गेले नाही, आणि त्यामुळे ते जगभर स्वस्त राहिले. पुरुषाला ते दिले की मेंदूला वाटते, शरीरात संप्रेरक पुरेसे आहे. वृषणांना मिळणारा हुकूम थांबतो. किंमत मात्र वेगळ्या मार्गाने वसूल झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी मोठा तुलनात्मक अभ्यास केला. रोज पाच मिलिग्रॅम गोळी घेणारे कर्करोगाने कमी मेले, पण हृदयविकाराने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी जास्त मेले. एका दारातून बाहेर काढलेला मृत्यू दुसऱ्या दारातून आत आला.

मग वृषणांना हुकूम देणारे जे मूळ ठाणे, तिथेच हात घालता येईल का? मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा लहानसा भाग आहे. तो खालच्या पीयूष ग्रंथीला निरोप धाडतो, पीयूष ग्रंथी वृषणांना कळवते आणि वृषणे टेस्टोस्टेरोन बनवतात. पाटील, तलाठी, कोतवाल अशी उतरंड समजा. तो पहिला निरोप कोणत्या रसायनाचा, हे शोधण्यासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ या दोघांनी वर्षानुवर्षे एकमेकांशी स्पर्धा केली. आधी ते एकाच प्रयोगशाळेत होते. नंतर वैरी म्हणावे इतके दुरावले. गिलमाँ मेंढ्यांचे मेंदू जमवत, शॅली डुकरांचे. दीड लाखाहून अधिक डुकरांच्या अधश्चेतकांतून शॅली यांच्या हाती त्या रसायनाचा एक मिलिग्रॅमदेखील लागला नाही. पण तेवढ्यावरून १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली: दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यात मात्सुओ, बाबा आणि अरिमुरा या जपानी सहकाऱ्यांचा वाटा मोठा होता. १९७७ च्या नोबेलमध्ये शॅली आणि गिलमाँ दोघेही होते. दोघेही दीर्घायुषी ठरले आणि २०२४ या एकाच वर्षी गेले.

निरोप सापडला. आता गंमत अशी की, औषध म्हणून जे वापरले गेले ते हा निरोप अडवणारे नव्हते, तर त्याचीच अधिक दमदार नक्कल होती. संप्रेरक थांबवायचे, आणि त्यासाठी 'संप्रेरक बनवा' असा हुकूम टोचायचा! हे उलटे गणित समजायला १९७८ चा एक प्रयोग उपयोगी पडतो. अमेरिकेत एर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांना (हे आपलेच लाल तोंडाचे माकड, भारताने त्याची निर्यात बंद केली तीही १९७८ मध्येच) हे रसायन दोन तऱ्हांनी दिले. तासातासाने थोडे थोडे दिले तर पीयूष ग्रंथी काम करी. तेच अखंड चालू ठेवले तर ती गप्प होई.

आमच्याकडच्या वाचकांना हे सांगायला मचाण पुरे. धानाच्या बांधीवर रात्री राखणदार अधूनमधून डबा वाजवतो, तेव्हा रानडुकरे पळतात. पण वाऱ्याने रात्रभर खडखडत राहील असा डबा झाडाला टांगून ठेवला, तर पहिल्या रात्री ती बिचकतात आणि चौथ्या रात्री त्याच्याखाली निवांत चरतात. पीयूष ग्रंथीचे असेच होते. अखंड खडखडाटाने तिचे ऐकणेच बंद होते, पुढचा निरोप जात नाही आणि दोन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरोन खच्ची केलेल्या प्राण्याच्या पातळीवर उतरते. वैद्यकीय ग्रंथांतही त्या पातळीला हेच नाव आहे. आजोबांचा शब्द असा पाठ्यपुस्तकात बसला आहे.

त्या 'पहिल्या रात्री'चाही हिशेब ठेवावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस संप्रेरक उतरण्याऐवजी उसळते. रोग मणक्यात असेल तर त्या उसळीने वेदना वाढू शकतात, क्वचित पाय लुळे पडू शकतात. म्हणून आधी काही दिवस वेगळ्या गोळ्यांचे कवच दिले जाते. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले डेगारेलिक्स हे निरोप सरळ अडवणारे इंजेक्शन आहे. त्यात ही उसळ नसते.

शॅली आणि माँट्रियलचे डॉक्टर यांनी या वर्गाच्या औषधाचा प्रोस्टेटच्या रुग्णांवरचा पहिला अनुभव १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. ल्युप्रोलाइडला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८५ मध्ये, पण ते रोज टोचावे लागे. खरा बदल १९८९ च्या सुमारास झाला. औषध विरघळणाऱ्या बहुवारिकात गुंफायचे, म्हणजे ते शरीरात महिनाभर झिरपत राहते. जपानच्या ताकेदा कंपनीने सूक्ष्म गोळ्यांची पूड केली. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीचे गोसेरेलिन ही तर पोटाच्या कातडीखाली सरकवायची एक बारीक कांडी आहे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. पुढे एकाची तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची मात्राही आली.

या टप्प्याला औषधशास्त्राच्या पुस्तकांत एखादा परिच्छेद मिळतो. मला तो या इतिहासाचा गाभा वाटतो. कारण शस्त्रक्रिया आणि इंजेक्शन यांच्या परिणामात फारसा फरक नाही. दोन्हींनी रोग जवळपास सारखाच आवरतो, काही महिने ते काही वर्षे, आणि दोन्हींनी तो मुळापासून जात नाही. फरक आहे तो माणसाला काय सोसावे लागते यात. निवड दिल्यावर बहुसंख्य पुरुष सुईच निवडतात, असे पाश्चात्त्य देशांत दिसले. शरीर शाबूत राहते. आपल्याकडे वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया टिकून राहिली ती प्रामुख्याने पैशामुळे: अर्ध्या तासाचे काम, भूल तेवढ्या जागेपुरती, बारा तासांच्या आत संप्रेरक खाली, आणि पुन्हा येणे नाही. 'पुन्हा येणे नाही' हे शब्द गडचिरोलीत किती वजनाचे आहेत, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला चटकन कळणार नाही.

या दोन जिल्ह्यांचा वैद्यकीय इतिहास महाराष्ट्राला परिचित आहे. वरोऱ्याचे आनंदवन आणि बाबा आमटे. १९७३ पासून हेमलकसा. १९८६ पासून अभय आणि राणी बंग यांची 'सर्च'. तो कुष्ठरोगाचा, हिवतापाचा, सिकलसेलचा, बाळंतिणींचा आणि नवजात बालकांचा इतिहास आहे, आणि तसाच असणे स्वाभाविक होते. म्हाताऱ्या पुरुषांचा रोग नोंदीत यायला आधी पुरुष म्हातारे व्हावे लागतात. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. हा कर्करोग बहुतेक पासष्टीनंतर डोके वर काढतो. म्हणजे आजोबांचा आजार हा एका अर्थी त्या सगळ्या लढायांच्या यशाचा परिणाम. असे त्यांच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.

नोंदींचेही तसेच. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकात मुंबईत सुरू झाली, पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला. विदर्भात नागपूर आणि वर्धा आहेत. जंगलातल्या गावी 'कंबर धरली' म्हणत खाटेला खिळून गेलेले किती म्हातारे खरे तर या रोगाने गेले, हे सांगणारा कागद नाही. आजोबांची कंबरही वर्षभर धरली होती. एका ठिकाणी त्यांना 'वयाचे दुखणे' म्हणून मलम मिळाले होते.

अलीकडच्या दोन-तीन तारखा नोंदवून ठेवतो. २०१२ च्या जुलैमध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना, आताची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गातील ल्युप्रोरेलिन, म्हणजेच ल्युप्रोलाइड, आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय यादीतही आले. ज्या यादीत हिवतापाच्या गोळ्या आहेत, त्याच यादीत आता ही सुईही आहे. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभे राहिले, त्यात कोळशाच्या खाणींच्या पैशाचाही वाटा आहे. त्याआधी आमच्या भागाची धाव म्हणजे सेवाग्राम, नाहीतर नागपूरचे मेडिकल किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. तुकडोजी महाराजांचे नाव चिमूरच्या १९४२ च्या उठावाशी कायमचे जोडलेले, आणि १९६८ मध्ये त्यांचा अंतही कर्करोगानेच झाला.

आजोबांनी सुई निवडली. कारण विचारले नाही, सांगितलेही नाही.

पहिल्या वर्षी मार्च आणि जूनच्या सुया वेळेवर झाल्या. अंगात अवचित वाफा उठतात, ही या उपचाराची नेहमीची तक्रार. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीपुढे असताना, ही तक्रार कुणी गंभीरपणे घेत नाही. "आमच्याही उठतात" म्हणतात. हात-पाय बारीक झाले, दुपारची झोप वाढली. पण कंबरेचे दुखणे इतके उतरले की आजोबा पुन्हा बांधीपर्यंत चालत जाऊ लागले. १९४१ च्या त्या आठ जणांतही काहींच्या वेदना अशाच ओसरल्या होत्या. निबंधातले ते वाक्य मी पूर्वी कोरडेपणाने वाचले होते.

सप्टेंबरची सुई चुकली. नदी-नाले चढले, रस्ता तुटला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो ही बातमी वर्तमानपत्रे दरवर्षी एका चौकटीत छापतात. आमचे गाव इतके आत नाही, पण नाले आमच्याकडेही आहेतच. आम्ही नागपूरला पोहोचलो तेव्हा तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. रक्ताच्या तपासणीत आकडा वर गेलेला होता. डबा वाजायचा थांबला होता आणि डुकरे परत आली होती.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा पुन्हा समोर ठेवल्या. शस्त्रक्रिया केली तर पुराची चिंता कायमची मिटते. किंवा सहा महिन्यांची मात्रा घेऊन पावसाळा ओलांडता येतो. वडिलांचे मत पहिल्या वाटेकडे होते आणि त्यांचा हिशेब बरोबर होता: गाडीभाडे, दोन दिवसांची मजुरी, नागपुरातला मुक्काम. आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी डॉक्टरांना विचारले, "मे महिन्यात टोचली तं दिवाळीपावेतो पुरते का जी?"

डॉक्टर म्हणाले, पुरते.

तेव्हापासून घरच्या कालनिर्णयावर वर्षातून दोनच खुणा असतात. एक रोवणीच्या आधी, दुसरी धान कापणीला येताना.